गठ्ठा किती वेळा उचलता? तणस गोळा करण्याबद्दलचे काही गैरसमज

धानकापणी आटोपली की भंडारा-गोंदियाकडच्या बांध्यांमध्ये आता वेगळेच चित्र दिसते. हार्वेस्टर धान काढून नेतो आणि तणशीच्या लांबच लांब ओळी मागे सोडतो. ऊन चांगले असेल तर दोन-चार दिवसांत ती वाळते. मग भाड्याचा बेलर येतो, ओळ उचलत जातो आणि दोरीने बांधलेले गठ्ठे मागे टाकतो. तासा-दोन तासांत शेत मोकळे झाल्यासारखे वाटते. बेलरवाला गठ्ठे मोजतो, पैसे घेतो आणि पुढच्या धुऱ्याकडे निघून जातो.

शेतकऱ्याचे कष्ट खरे तिथून सुरू होतात. दोनशे गठ्ठे बांधीभर विखुरलेले असतात, संध्याकाळी दव उतरणार असते आणि मजूर दुसऱ्याच्या कापणीवर गेलेले असतात.

मागच्या हंगामात मी धुऱ्यावर बसून एकाच गठ्ठ्याचा प्रवास मोजला. एका काकूंनी तो जमिनीवरून उचलून ट्रॉलीत टाकला. ट्रॉलीवरच्या मुलाने उचलून थरावर रचला. घरी आल्यावर तो खाली उतरवला, मग गोठ्यापर्यंत वाहून नेला, आणि शेवटी रचाईवर वर चढवला. एक गठ्ठा पाच वेळा उचलला गेला. गठ्ठा २० किलोचा आणि गठ्ठे २००, म्हणजे माल ४ टन. पण माणसांच्या हातांनी उचललेले वजन २० टन. तेव्हापासून कोणतेही अवजार पाहिले की मी एकच प्रश्न विचारतो: या पाचातली नेमकी कोणती उचल हे वाचवते? ज्याचे उत्तर देता येत नाही ते अवजार मजुरी वाचवत नाही. ते फक्त मजुरीची जागा बदलते.

गैरसमज: बेलर घेतला की वैरणीची मजुरी मिटली

बेलर तणस बांधतो, गोळा करत नाही. मोकळ्या तणशीपेक्षा बांधलेला गठ्ठा कमी जागा घेतो, मोजता येतो, विकता येतो, हे सगळे खरे. पण तो शेतातून गोठ्यात आपल्या पायांनी येत नाही.

स्वतःचा बेलर घेण्याचा विचार करणाऱ्यांनी आपली जमीन आधी आठवावी. २०१५-१६च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. एवढ्या जमिनीवर बेलर वर्षातून एखाद-दोन दिवस चालेल. चौकोनी गठ्ठ्यांच्या बेलरला साधारण ४० एचपी किंवा त्याहून मोठा ट्रॅक्टर लागतो, तो खर्च वेगळाच. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात बेलरसाठी ठरलेल्या कमाल मर्यादेत ४० ते ५० टक्के अनुदान मिळू शकते. पण उरलेली रक्कम आपल्याच खिशातून जाते आणि वर्षाचे तीनशेहून जास्त दिवस यंत्र शेडमध्ये गंज धरते. बेलर भाड्याचा किंवा गटाच्या अवजार बँकेचा असावा, आणि आपला पैसा बेलर गेल्यानंतरच्या कामासाठी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि हेही पाहा. ज्यांचे धान अजून विळ्याने कापले जाते, पुंजणे रचले जाते आणि मळणी खळ्यावर होते, त्यांची तणस आधीच एका ठिकाणी असते. त्यांना शेतातून गठ्ठे वेचायचेच नसतात. अशा घरी बेलरपेक्षा लाकडी पेटीचा हातबेलर पुरतो: वरून तणस भरायची, दांड्याने दाबायची, दोन दोऱ्या आवळायच्या. एक-दोन गाईंच्या गोठ्याला तेवढे बस्स आहे.

गैरसमज: गठ्ठा जितका मोठा, तितके काम कमी

हा गैरसमज परदेशातले व्हिडिओ पाहून आलेला आहे. तिकडच्या माळावरचे मोठे गोल गठ्ठे पाहून वाटते, असेच हवे. पण त्या गठ्ठ्याचा जन्म कसा झाला ते समजून घ्यावे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पेला गावच्या गॅरी व्हर्मीर यांना १९७१ साली एका ओळखीच्या पशुपालकाने सांगितले की गवताचे कष्ट झेपत नाहीत, आता गुरे मोडून टाकतो. त्यावर व्हर्मीर यांनी एकट्या माणसाला चालवता येईल असा मोठ्या गोल गठ्ठ्यांचा बेलर तयार केला. त्यातली गोम अशी की तो गठ्ठा माणसाने उचलायचाच नव्हता. शेतापासून गव्हाणीपर्यंत तो ट्रॅक्टरच उचलणार होता. शेकडो किलोंचा गठ्ठा, त्याला भोसकून उचलणारा सुळा, तो पेलणारा ट्रॅक्टर आणि वळायला मोठे शेत, ही सगळी एकच साखळी आहे. त्यातली एक कडी उचलून आपल्या अर्ध्या एकराच्या बांधीत आणली तर चालत नाही.

ज्याचे गठ्ठे हातानेच उचलले जाणार आहेत, त्याने ते लहान ठेवावेत. अमेरिकेतल्या नायोश या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेचे उचलीचे सूत्र आहे. त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाची मर्यादा २३ किलो धरली आहे. म्हणजे वजन अंगालगत, साधारण ७५ सेंटिमीटर उंचीवर, कमरेला पीळ न देता आणि अधूनमधूनच उचललेले. आपल्याकडे गठ्ठा जमिनीवर पडलेला, ट्रॉलीचा डाला छातीपर्यंत उंच, आणि उचल मिनिटाला दोन-तीन. तिथे ही मर्यादा झपाट्याने खाली येते. वीस किलोचा गठ्ठा मग हलका राहत नाही, आणि हे काम बहुतेक वेळा बायकाच करत असतात.

चौकोनी गठ्ठ्याची रुंदी-उंची ठरलेली असते, साधारण ४६ बाय ३६ सेंटिमीटर. लांबी मात्र बेलरवर बदलता येते. तीन फुटांचा गठ्ठा दोन फुटांवर आणला की वजन तिसऱ्या हिश्शाने उतरते. दोरी थोडी जास्त लागते. बेलरवाला नगावर पैसे घेत असेल तर खर्चही वाढतो, म्हणून दर आधी ठरवून घ्यावा. पण कमरेचा विचार केला तर हा सौदा स्वस्तच पडतो.

गैरसमज: गोल गठ्ठ्यावरून पाणी ओघळते, तो शेतात राहिला तरी चालतो

लहान ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मिनी राउंड बेलरचा गठ्ठा साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचा असतो. पावसाने वा दवाने त्याचा बाहेरचा फक्त ५ सेंटिमीटरचा थर खराब झाला, तरी गठ्ठ्यातला सुमारे ३० टक्के माल गेला. दीड मीटर व्यासाच्या गठ्ठ्यात तेवढ्याच थराने सुमारे १३ टक्केच जातो. परदेशी सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही, तो यासाठी. नोव्हेंबरात अवकाळी सरी येतात हे आपल्याला ठाऊक आहे. गठ्ठा बांधला त्याच दिवशी शेतातून हलवावा.

गैरसमज: महागडे यंत्र नसेल तर हातानेच करावे लागते

इथे थोडे थांबतो, कारण खरी बचत इथेच आहे.

चौकोनी बेलरमधून गठ्ठा बाहेर येतो तो मागच्या गठ्ठ्याच्या रेट्याने. त्याच रेट्यावर त्याला एका उतरत्या-चढत्या पन्हळीतून थेट मागे जोडलेल्या ट्रॉलीपर्यंत नेता येते. ट्रॉलीवर एक माणूस उभा राहून रचतो. जमिनीवरून उचलण्याची पहिली आणि सगळ्यांत जड उचल तिथेच संपते. यासाठी वेगळे इंजिन लागत नाही, फक्त गावच्या वेल्डरने केलेली पन्हळ लागते. अडचण वळण्याची आहे: ट्रॅक्टर, बेलर आणि ट्रॉली अशी लांब गाडी लहान बांधीत वळत नाही. धुरे मोडून एकत्र केलेल्या मोठ्या बांध्यांतच ही युक्ती जमते.

लहान बांधीत घसरगाडी बरी. दोन जाड लाकडी किंवा लोखंडी धावांवर फळ्या ठोकल्या की झाली. तिची उंची वीतभर असल्यामुळे गठ्ठा उचलावा लागत नाही, नुसता लोटावा किंवा ओढून घ्यावा लागतो. लहान ट्रॅक्टर किंवा बैलजोडी ती कोरड्या जमिनीवर सहज ओढते. ज्या बांधीत उतेऱ्यावर लाखोळी किंवा जवस पेरले आहे, तिथे मात्र ती चालवू नये, कोवळी रोपे जातात. तिथे गठ्ठे धुऱ्यावर आणून बंडीत भरावेत.

काही देशांत बेलरच्या मागे गठ्ठे जमा करणारा सांगाडा असतो. तो आठ-दहा गठ्ठे एकत्र करून सोडतो आणि लोडरची पकड ते एका दमात उचलते. सांगाडा आपण वापरू शकतो. पकडीबद्दल मात्र सावध राहावे. गठ्ठ्यांच्या वजनात पकडीचे आणि लोडरचे स्वतःचे वजन मिळवले की हलक्या ट्रॅक्टरचा पुढचा भाग दबतो, मागची चाके हलकी होतात आणि उतारावर तो कलंडू शकतो. पकड नसली तरी ढीग एका जागी मिळाल्याने दोनशे वेळा चालणे वाचते, तेही कमी नाही.

घरी उतरवताना दोन गुळगुळीत पाइपांची घसरण ट्रॉलीला टेकवली की गठ्ठे आपोआप खाली येतात. फरशीवर किंवा टणक अंगणात पोती वाहायची दोनचाकी हातगाडी एका फेरीत चार गठ्ठे नेते. वर चढवायला एका छोट्या मोटरवर चालणारा साखळीचा कन्व्हेयर सर्वांत उत्तम. तो वर्षातून थोडेच दिवस लागतो, म्हणून चार घरांनी मिळून घ्यावा.

गैरसमज: कप्पी लावली की वजन निम्मे होते

आढ्याला बांधलेली एकच कप्पी फक्त ओढण्याची दिशा बदलते, अगदी विहिरीच्या गडगडीसारखी. २० किलोच्या गठ्ठ्याला २० किलोंपेक्षा थोडा जास्तच जोर लागतो, कारण घर्षण आहे. जोर निम्मा करायचा तर दुसरी कप्पी गठ्ठ्याबरोबर वर जाणारी हवी. मग दोर दुप्पट ओढावा लागतो. तरीही एक कप्पी वाया जात नाही: खाली ओढताना माणूस आपल्या अंगाचे वजन वापरतो आणि शिडीवर गठ्ठा घेऊन चढण्याचा धोका टळतो.

गैरसमज: वरून वाळलेली दिसली की बांधावी

घाईत बांधलेला ओला गठ्ठा जड असतो, म्हणजे प्रत्येक उचल वाढते. शिवाय आतून बुरशी धरतो. लहान गठ्ठ्यासाठी तणशीतला ओलावा १८ टक्क्यांच्या आत हवा. मीटर नसेल तर बाटलीत मूठभर बारीक तोडलेली तणस आणि चमचाभर कोरडे मीठ टाकून दोन-तीन मिनिटे हलवावे. मीठ सुटे राहिले तर बांधायला हरकत नाही, गोळे झाले तर थांबावे. ओली रचाई आतून तापते. उष्णता ६५ अंशांच्या वर गेली की आगीचा धोका सुरू होतो, आणि हे रचल्यानंतर काही आठवड्यांनीही घडू शकते. पहिला महिनाभर लोखंडी सळई आत खुपसून ठेवावी, थोड्या वेळाने काढून हाताला पाहावी. हात ठेववत नसेल तर पाणी आणि माणसे जवळ ठेवून मगच रचाई उलगडावी.

बुरशीच्या गठ्ठ्यातून पांढरी धूळ उडते. ती वर्षानुवर्षे छातीत जात राहिली की फुप्फुसाचा आजार होतो, त्याला वैद्यकात 'फार्मर्स लंग' असेच नाव आहे. असा गठ्ठा तोंडाला मास्क लावून उघडावा आणि गुरांना घालू नये. खुंट्यावर टाकण्याआधी प्लॅस्टिकची दोरीही मोजून काढून घ्यावी, ती पोटात गेली तर जनावर दगावू शकते.

एक शेवटचे. बेलर फिरवणारा पीटीओ दांडा मिनिटाला ५४० वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला ९ वेळा. अडकलेली तणस ओढायला गेलेल्या हाताला मागे यायला वेळच मिळत नाही, आणि पदर किंवा ओढणी तर त्याहून आधी गुंडाळली जाते. यंदा बेलर बोलावाल तेव्हा गठ्ठा दोन फुटांचा ठेवायला सांगा, गठ्ठे एका जागी सोडता येतील का ते विचारा, आणि ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात टाकल्याशिवाय बेलरमध्ये कुणालाही हात घालू देऊ नका.