डागडुजी केलेल्या जुन्या होडीची किंमत

कोकणच्या बंदरांत जुनी लाकडी होडी दुरुस्त करून विकायला काढली, की मालक दुरुस्तीचा खर्च मोजतो आणि गिऱ्हाईक उरलेलं आयुष्य. भाव गिऱ्हाइकाच्या हिशेबानं ठरतो. त्यामुळे खर्च झालेला प्रत्येक रुपया परत मिळेल, अशी आशा धरू नये.

होडी पाहायची ती पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असताना. तेव्हा तळ उघडा असतो. नव्या रंगावर भाळू नका. लाकडी हातोडीनं फळ्यांवर ठोकत जा. घट्ट लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. शंका येईल तिथं मालकाला विचारून टोचा लावून बघावा. तो सहज आत गेला, तर फळी बदलावी लागणार. खिळ्यांभोवती गंजाचे ओघळ दिसले, तर सांधे ढिले पडत असण्याची शक्यता असते. जुन्या लाकडावर फायबरचा थर चढवला असेल, तर जास्त सावध राहावं. आत ओल कोंडली, तर वरून गुळगुळीत दिसणारी होडी आतून कुजत जाते.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. धूर आणि तेल दोन्ही पाहा. नोंदणी, मासेमारी परवाना आणि कर्जाचा बोजा यांची कागदपत्रं तपासा. परवाना आपल्या नावावर होईल का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधीच विचारा.

शेवटी त्याच बंदरात तशाच होड्या अलीकडे कितीला गेल्या ते काढा आणि त्यातून राहिलेल्या कामाचा खर्च वजा करा. बोलणी तिथून सुरू करावीत.