मुखशुद्धी आणि मुखवास : तोंडाच्या दुर्गंधीवरील घरगुती उपायांचा विचार

भोजनोत्तर बडीशेप, लवंग, वेलदोडा किंवा सुपारी तोंडात टाकण्याच्या प्रथेस मराठीत ‘मुखशुद्धी’ असे म्हणतात. याच प्रथेला शेजारच्या गुजराती भाषेत ‘मुखवास’ ही संज्ञा आहे. पदार्थ बहुतेक तेच, प्रसंगही तोच; परंतु एका भाषेने त्या क्रियेला शुद्धीचे नाव दिले, तर दुसरीने सुगंधाचे. हा भेद वरवर पाहता किरकोळ वाटेल. तथापि मुखदुर्गंधीवरील घरगुती उपायांची योग्यता ठरवावयाची झाल्यास याच भेदापासून आरंभ करणे श्रेयस्कर होय. कारण हे उपाय मुख्यतः दोन वर्गांत पडतात : दुर्गंधीचे कारण दूर करणारे आणि दुर्गंधीवर आवरण घालणारे.

दुर्गंधी पोटातून येते, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः बहुसंख्य व्यक्तींच्या बाबतीत तिचा उगम तोंडातच, विशेषतः जिभेच्या मागील भागावर साचणाऱ्या थरात आणि दात व हिरड्या यांमधील फटींत असतो. प्राणवायूवाचून जगणारे जंतू तेथे अन्नकण, लाळ व गळून पडलेल्या पेशी यांतील प्रथिनांचे विघटन करतात. सिस्टीन व मिथिओनीन या गंधकयुक्त ॲमिनो आम्लांपासून अनुक्रमे हायड्रोजन सल्फाइड व मिथिल मरकॅप्टन हे दुर्गंधी वायू निर्माण होतात आणि श्वासाबरोबर बाहेर पडतात. कॅनडातील संशोधक जोसेफ टॉन्झेटिच यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या समालोचनात या प्रक्रियेची मांडणी केली आहे. लाळ ही तोंड सतत धुणारी नैसर्गिक व्यवस्था होय. झोपेत तिचा स्राव मंदावतो. म्हणूनच पहाटे उठल्यावर तोंडास वास येतो. दीर्घ उपवासातही तोंड कोरडे पडून असेच घडते.

या पार्श्वभूमीवर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाकडे पाहणे उद्बोधक ठरते. तेथे दिवसातून दोन वेळा दंतपवन करण्यास सांगितले असून त्यासाठी तुरट, तिखट किंवा कडू रसाच्या काष्ठांची योजना केली आहे. त्यानंतर जिह्वानिर्लेखन, म्हणजे जीभ खरवडणे, येते. सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळ यांची, धार नसलेली व वक्र पट्टी त्यासाठी वापरावी, असा निर्देश आहे. याचे कारणही दिले आहे : जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळामुळे दुर्गंधी उत्पन्न होते, म्हणून तो काढून टाकावा. जायफळ, लवंग, कंकोळ, वेलची, सुपारी, नागवेलीचे पान, कापूर इत्यादी पदार्थ तोंडात धरण्याचा उल्लेख यानंतर स्वतंत्रपणे येतो आणि त्याचे प्रयोजन वैशद्य, रुची व सौगंध्य असे सांगितले आहे. जंतूंची कल्पना नसतानाही दुर्गंधीचे स्थान अचूक हेरले गेले आणि मळ काढणे व सुगंध धारण करणे या क्रिया पृथक् ठेवल्या गेल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मराठीच्या नित्य व्यवहारातही पहिल्या वर्गाची शब्दसंपत्ती विपुल आहे. ‘दातवण’ हा शब्द दंतपवन, दंतधावन यांच्या कुळातील. कडुनिंब, बाभूळ, करंज यांच्या काड्या चावून दात घासण्याची रीत ग्रामीण भागात दीर्घकाळ रूढ होती. ‘चूळ’ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘चुलुक’, म्हणजे तळहातावर मावेल एवढे पाणी, याच्याशी जोडला जातो. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याने अन्नकण निघून जातात. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी सुजलेल्या हिरड्यांस आराम पडतो. वाग्भटाने गंडूष व कवल असा भेद केला आहे : तोंड इतके भरावे की आतील द्रव हलविता येऊ नये, तो गंडूष, हलविता येतो, तो कवल. तिळाच्या तेलाची गुळणी याच परंपरेतील आहे. मात्र ती घासण्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसऱ्या वर्गातील पदार्थ सर्वस्वी निरुपयोगी आहेत, असे नव्हे. लवंगेतील युजेनॉल आणि ओव्यातील थायमॉल ही द्रव्ये जंतुरोधक आहेत. बडीशेप वा वेलदोडा चघळल्याने लाळ सुटते आणि तोंडाचा कोरडेपणा जातो. परंतु जिभेवरचा थर त्यामुळे निघत नाही व सुगंध ओसरताच पूर्वस्थिती येते. लसणीचा वास तर दोन्ही वर्गांना दाद देत नाही. तिच्यातील गंधकयुक्त द्रव्य रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडत असल्याने तोंड कितीही धुतले तरी तो काही काळ राहतोच.

‘शुद्धी’ या शब्दाची व्याप्ती निष्काळजीपणे वाढली म्हणजे काय अनर्थ होतो, याचे उदाहरण मिसरी व सुपारी यांत सापडते. मिसरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांत, तिचा प्रसार झाला व पुढे तिचे व्यसन जडले. दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली. सुपारी ही तर मुखशुद्धीची प्रमुख सामग्री! आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, तंबाखूविरहित सुपारीचीही गणना मानवास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे. प्राचीन ग्रंथांनी दुर्गंधीचे स्थान अचूक ओळखले, म्हणून त्यांच्या यादीतील प्रत्येक पदार्थ निर्दोष ठरत नाही.

दुर्गंधी हे अनेकदा लक्षण असते. हिरड्यांचा जुनाट विकार, किडलेला दात, नाक व घसा यांतील दोष किंवा अनियंत्रित मधुमेह यांची सूचना त्यातून मिळू शकते. रोज दात व जीभ स्वच्छ करून, पुरेसे पाणी पिऊनही वास टिकून राहिला, तर दंतवैद्याकडे जाणे इष्ट. अशा वेळी लवंग चघळीत राहणे म्हणजे ती सूचना दडपणे होय. भोजनोत्तर चिमूटभर बडीशेपेस कोणाचीच हरकत असू नये. मात्र तिला मुखवास मानावे. मुखशुद्धी तिच्या आधी, पाण्याने व घासण्याने, झालेली असली पाहिजे.