बोटीपासून काठापर्यंत

बोईसरच्या पश्चिमेला तारापूर, नवापूर, मुरबे, सातपाटी ही गावं समुद्राला लागून आहेत. १९६९ पासूनचं अणुवीज केंद्र आणि मोठी औद्योगिक वसाहत याच पट्ट्यात आहे. मुंबई आणि गुजरातशी जोडणारे मोठे मार्ग दोनच, पश्चिम रेल्वे आणि महामार्ग. पुरात किंवा चक्रीवादळात ते तुटले, तर जवान, जनरेटर, औषधं आणायला समुद्र उरतो. नौदलाकडे त्यासाठी जहाजं आहेत. ‘आयएनएस जलाश्व’च्या पोटातून उतरणनौका बाहेर पडतात, आणि एलसीयू जातीच्या छोट्या नौका तर रणगाडासुद्धा थेट किनाऱ्यावर उतरवू शकतात. अडचण येते ती बोट आणि कोरडी जमीन यांच्यामधल्या शेवटच्या काही शे मीटरांत, आणि खर्च आधी तिथेच व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे.

आपला किनारा उथळ आणि चिखलाचा. उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं मागे सरतं की सातपाटीच्या गाळ साचलेल्या खाडीत मच्छीमार बोटींनाही भरतीची वाट बघावी लागते. अशा उतारावर नौका काठाच्या बऱ्याच आधी रुतते, आणि तिच्यापुढे खोल पाणी असेल तर घात होतो. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धात, कॉक्स बाजारला नेमकं हेच घडलं. आपली जहाजं वाळूच्या दांड्यावर टेकली, पुढच्या पाण्याचा अंदाज चुकला आणि उतरणारे काही जवान बुडाले. शत्रूची गोळी न लागताही माणसं गेली, ती तळाची नीट माहिती नसल्यामुळे. तरंगता धक्का आयत्या वेळी जोडू, असं कोणी म्हणेल. २०२४ मध्ये अमेरिकेने गाझाच्या किनाऱ्याला तसा धक्का जोडला होता. दोन आठवडेही झाले नव्हते तोच लाटांनी तो मोडला, आणि जुलैत कायमचा काढून घ्यावा लागला. आपल्या पावसाळ्यात तर त्याचा विचारही नको.

जवळच वाढवणला मोठं बंदर होतंय, मग ही धडपड कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. पण ते एकाच जागी आहे, आणि संकट आलं तर तिथून पुढचा रस्ता शाबूत असेलच असं नाही. खाडीतला गाळ काढला तरी दर पावसाळ्यात परत येतो, हेही खरं. म्हणूनच नुसत्या गाळउपशावर न थांबता ओहोटीच्या पाण्यापर्यंत पोहोचणारा काँक्रीटचा पक्का उतार बांधावा आणि खाडीच्या तोंडाचं मोजमाप दर पावसाळ्यानंतर व्हावं. रोज त्या उतारावर पापलेटच्या टोपल्या चढतील, गरज पडली की लष्कराचा ट्रक. मच्छीमारांच्या मनात बंदर या शब्दाविषयी धास्ती आहे, आणि ती निराधार नाही. उताराची जागा ठरवताना आधी बोटी चालवणाऱ्या तांडेलांना विचारायला हवं. दांडा कुठे सरकला, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, किती पाणी उरतं, हे त्यांना नकाशा छापून येण्याआधी कळलेलं असतं.