जलपर्णीच्या फटीतली चिलापी
लेखमाला ‘गळ आणि पाणी’ : भाग सहावा – काठीची निवड

हिवाळा सरता सरता मोहन्याच्या बंधाऱ्याजवळ उल्हास नदीचे पाणी दिसेनासे होते. दिसते ती जलपर्णी, आणि इतकी दाट की बगळे तिच्यावरून चालत जातात. नवखा माणूस हे पाहून काठी पिशवीतून बाहेरही काढत नाही. मुरलेला गरवणारा मात्र त्या हिरव्या थरात कुठे बादलीएवढी फट पडली आहे ते हुडकतो आणि तिच्यात गळ सरळ खाली सोडतो. दाट थराखाली पाण्यातला प्राणवायू कमी होतो, त्यामुळे मासे फटीपाशी आणि थराच्या कडेला येऊन थांबतात. त्यांना शोधत हिंडावे लागत नाही.

जानेवारीत मिनेसोटातल्या गोठलेल्या तळ्यांवर नेमका हाच उद्योग चाललेला असतो. बर्फाला सहा-आठ इंच रुंद भोक पाडायचे, त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि ब्लूगिल, क्रॅपी, पर्च असले तव्यात सबंध मावणारे मासे वर काढायचे. तिथली काठी असते जेमतेम दोन-अडीच फुटांची, आपल्या फूटपट्टीच्या दुपटीहून थोडी मोठी. मोहन्याला तीच काठी घेऊन गेलात तर गळ पायाशीच पडेल. इथे बारा फूट लागते, कधी पंधराही. मासा साधारण तेवढाच, गळही तसाच सरळ खाली जाणारा, तरी काठीत पाच-सहा पटींचा फरक! कारण एवढेच, की बर्फ माणसाचे वजन पेलतो आणि जलपर्णी पेलत नाही. तिथे माणूस माशाच्या डोक्यावर जाऊन बसतो, आपण काठावरून हात लांब करतो.

दुकानात बहुतेक लोक उलट हिशेब करतात. मोठी काठी म्हणजे मोठा मासा, लहान काठी पोरांना. काठीची लांबी माशावर ठरवायचीच नसते. ती ठरते तुम्ही उभे कुठे आहात त्यावर. घाटाची भिंत पाण्यापासून किती उंच आहे, पुढे जलपर्णीचा किंवा गाळाचा पट्टा किती रुंद आहे, मागे झाडाच्या फांद्या आहेत का, हे पाहावे. दुर्गाडीपाशी खाडीला भरती-ओहोटी असते, तिथे ओहोटीला पाणी काठापासून दूर जाते आणि सकाळी पुरलेली काठी दुपारी तोकडी पडते. टिटवाळ्याला काळू नदीत घोटाभर पाण्यात उतरता येत असेल, तर आठ-नऊ फुटांत काम होते.

मासा ठरवतो तो शेंडा. आणि खरी पारख शेंड्याचीच आहे.

आपल्याकडे काठावरून गळाला लागणारा मासा म्हणजे बव्हंशी चिलापी, कागदोपत्री तिलापिया. मूळची आफ्रिकेतली मोझांबिक तिलापिया 1952 साली भारतात आणली गेली, आणि आता ती नाही असे गोडे पाणी शोधावे लागेल. मादी अंडी तोंडात बाळगते, त्यामुळे पिल्ले फार जगतात, गर्दी होते आणि खाणे पुरत नाही म्हणून मासा बोटभर ते तळहाताएवढाच राहतो. तिच्या जोडीला खवली आणि शिंगटी. (शिंगटी गळावरून काढताना बोटे जपा, तिच्या काट्याची ठणक दिवसभर राहते.) हे मासे आमिषावर झडप घालत नाहीत. कणकेची गोळी ओठांनी ओढतात, चाचपतात, संशय आला की थुंकतात. थंड पाण्यातला ब्लूगिलही असाच वागतो. मिनेसोटातले लोक म्हणूनच काठीच्या टोकाला तारेची बारीक स्प्रिंग लावतात. मासा नुसता ओढून पाहू लागला, तरी ती वाकते.

शेंडा राठ असला की दोन गोष्टी बिघडतात. माशाने आमिष तोंडात घेतले हे तुम्हाला कळत नाही, आणि त्याला मात्र काठीचा ताण जाणवतो. शिवाय हिसका दिलात तर पातळ ओठ फाटतो किंवा तंगूस तुटते. मागच्या भागात आपण चार पौंडी, म्हणजे सुमारे 1.8 किलो ताण सोसणारी तंगूस पुरे असे म्हटले होते. इतक्या बारीक तंगुसेला झटका सोसता येत नाही, तो शेंड्याने वाकून पोटात घ्यायचा असतो.

तेव्हा दुकानात काठी हवेत फिरवून पाहण्याचे नाटक करू नका. सगळेच करतात आणि त्यातून काहीही कळत नाही. रुपयाचे स्टीलचे नाणे तीन-चार ग्रॅमचे असते. ते चिकटपट्टीने दोऱ्याला लावा, दोरा शेंड्याला बांधा आणि काठी आडवी धरा. टोकाचा वीतभर भाग स्पष्ट झुकला पाहिजे. मग शेंडा दुकानदाराच्या हातात द्या आणि मूठ हळूहळू उचला. वाक आधी शेंड्यात, मग वरच्या तिसऱ्या भागात यावा, आणि बुंध्याकडचा भाग ताठच राहावा. सबंध काठी कमानीसारखी वाकत असेल तर ती बारा फुटांवरून मासा उचलू देणार नाही, जलपर्णीतच अडकवेल. काठीवर ‘अल्ट्रालाइट’ किंवा ‘1–7 ग्रॅम’ असे छापलेले असले तर बरे, पण छापलेल्यापेक्षा नाण्यावर माझा विश्वास जास्त आहे.

आता काठी कशाची घ्यावी. बांबूला मी आजही पहिला मान देतो, पण बांबू भरीव हवा. सिंधुदुर्गाकडचा माणगा जवळजवळ भरीव असतो आणि शेंड्याकडे सुरेख निमुळता होतो. पोकळ बांबू शेंड्याशी चिरतो. पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगेरा लवकर लागतो, म्हणून थंडीतला घ्यावा, सावलीत वाळवावा, वाकडा असेल तर मंद आचेवर शेकून सरळ करावा आणि जवसाचे तेल चोळावे. अडचण एकच: बारा फुटी बांबू घेऊन कसारा लोकलमध्ये चढून दाखवा. खडवलीला जाणारा माणूस मग मुकाट्याने घडीची, एकात एक सरकणारी काठी घेतो, जी मिटली की सामानाच्या फळीवर मावते.

या घडीच्या काठ्या काचतंतूच्या किंवा ग्राफाइटच्या असतात. ग्राफाइट हलके, आणि माशाची बारीक टोच थेट मुठीपर्यंत पोचवणारे. पण ते विजेचे वाहक आहे, आणि हे आपल्या भागात किरकोळ कलम नाही. मुंब्र्याकडे खाडी रुळांना लागून आहे. उपनगरी गाड्यांच्या वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. काठी तारेला टेकावीच लागते असे नाही, नुसती जवळ गेली तरी ठिणगी उडी घेते. रुळांजवळ, विजेच्या तारांखाली आणि ढग गडगडत असताना ग्राफाइट उघडूच नये. ओला बांबूही अशा वेळी भरवशाचा नाही. नवशिक्याने काचतंतूचीच घ्यावी. थोडी जड, पण शेंडा मऊ असतो, आणि दगडावर आपटली तरी सहसा मोडत नाही.

रीळ लागते का? फटीत सरळ गळ सोडायचा असेल तर नाही. काठीच्या टोकाला तंगूस बांधायची, लांबी काठीपेक्षा हातभर कमी, म्हणजे मासा उचलला की थेट हातात येतो.

जागेबद्दल दोन शब्द. ठाण्यातल्या तलावांवर ठेका किंवा बंदी असू शकते, आधी चौकशी करा. वालधुनी नदी उल्हासला मिळते त्याच्या खालचा मासा मी खात नाही, सोडून देतो. कारखान्यांचे पाणी काय काय घेऊन येते ते या पट्ट्यात सांगायला नको. आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला चढू लागले की काठी घरीच ठेवावी, हे माझे मत. त्यावर गावागावांत माझ्याशी भांडणारे आहेत.

खाडीवरून आल्यावर घडीची काठी तशीच मिटू नका. खारे पाणी कड्यांना गंज चढवते आणि सांध्यात वाळूचा एक कण राहिला तरी पुढच्या वेळी ती उघडत नाही. नळाखाली धुवा, फडक्याने पुसा, उघडीच वाळू द्या. पुढच्या आठवड्यात तरंगणारे बूच आणि मोरपिसाची दांडी.