फुगणाऱ्या सिलिकॉनला जागा देणारा शास्त्रज्ञ

मोबाइल असो की विजेवर चालणारी गाडी, आतल्या लिथियम-आयन बॅटरीचा ऋण ध्रुव बहुतेक वेळा ग्राफाइटचा असतो. ग्राफाइटमधले सहा कार्बन अणू मिळून जेमतेम एका लिथियम अणूला सांभाळतात. सिलिकॉनचा एकटा अणू चार लिथियम अणू सहज सामावून घेतो. वजनाला वजन लावून पाहिलं, तर सिलिकॉनची क्षमता कागदावर ग्राफाइटच्या दहापट भरते. मग ते बॅटरीत का आलं नाही?

कारण ते फुगतं. लिथियम आत शिरलं की सिलिकॉनचं आकारमान जवळपास चौपट होतं, बाहेर पडलं की आक्रसतं. अशा थोड्याच फेऱ्यांत कणांचा भुगा होतो. शिवाय दरवेळी उघड्या पडणाऱ्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटचा नवा थर जमतो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकून बसतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले यी त्सुई यांची कारकीर्द या फुगण्याचा बंदोबस्त करण्यात घडली. चीनमधून १९९८मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेत आले. हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्याकडे त्यांनी सिलिकॉनच्या नॅनोतारांवर काम केलं. तेव्हा या तारांकडे इलेक्ट्रॉनिक्स आणि सेन्सरच्या दृष्टीनं पाहिलं जाई. बर्कलेत पॉल अलिविसाटोस यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काढून २००५मध्ये त्सुई स्टॅनफर्डला रुजू झाले आणि तीच तार त्यांनी बॅटरीत आणली.

२००८मध्ये त्यांच्या गटाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्टीलच्या पत्र्यावर थेट उगवलेल्या तारा, एका टोकाला घट्ट रुजलेल्या आणि आजूबाजूला मोकळी जागा. लिथियम शिरल्यावर त्या जाड झाल्या, पण तुटल्या नाहीत.

तुटणं थांबलं, तरी थराचा उपद्रव उरलाच. त्यावर २०१२मध्ये दुहेरी भिंतीची नळी आली. बाहेरची भिंत कडक ऑक्साइडची असल्यानं सिलिकॉन आतल्या पोकळीकडे फुगतं, बाहेरचा पृष्ठभाग स्थिर राहतो. सहा हजार फेऱ्यांनंतरही तिची ८५ टक्के क्षमता शाबूत होती. २०१४मध्ये डाळिंबाची रचना आली. सिलिकॉनचा प्रत्येक कण आपापल्या कार्बनच्या कप्प्यात, आत फुगायला जागा, आणि अशा असंख्य दाण्यांवर मिळून एक जाड कार्बनची साल. इलेक्ट्रोलाइटचा स्पर्श मुख्यत्वे सालीलाच होतो. हजार फेऱ्यांनंतर ९७ टक्के क्षमता टिकली.

प्रयोगशाळेतले आकडे बाजारात मात्र सहजासहजी उतरत नाहीत. नॅनोतारा वाढवणं खर्चाचं, आणि ग्राफाइट स्वस्त. त्सुई यांनी २००८मध्येच स्थापन केलेल्या अँप्रियस कंपनीनं म्हणून हलक्या वजनाची किंमत मोजायला तयार असलेलं गिऱ्हाईक गाठलं. एअरबसचं ‘झेफर’ हे सौरऊर्जेवर दिवसचे दिवस आकाशात राहणारं मानवरहित विमान कंपनीच्या सिलिकॉन सेलवर रात्र काढतं. २०२२मध्ये कंपनीनं किलोला ४५० वॉट-तास साठवणारे सेल ग्राहकांना दिले. त्याच वर्षी तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदले गेले.

बॅटरीच्या आत नेमकं काय घडतं, हे पाहण्याचीही सोय त्सुई यांच्या गटानं केली. लिथियम धातूला फुटणारे काटेरी अंकुर बॅटरीत शॉर्टसर्किट घडवतात, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या झोतात ते वितळून जात. जीवशास्त्रज्ञ प्रथिनं गोठवून पाहतात, तीच पद्धत वापरून २०१७मध्ये या गटानं त्या अंकुरांची अणुपातळीवरची चित्रं मिळवली.

ग्रिडसाठी विजेचा साठा करायचा, तर मात्र वजन दुय्यम ठरतं. तिथे आयुष्य आणि खर्च पाहिला जातो. हबल दुर्बिणीत वर्षानुवर्षं चाललेली निकेल-हायड्रोजन बॅटरी तिच्यातल्या प्लॅटिनममुळे जमिनीवर परवडत नव्हती. त्सुई यांच्या गटानं प्लॅटिनमच्या जागी स्वस्त धातूंचा उत्प्रेरक वापरून दाखवला, आणि त्या तंत्रावर २०२०मध्ये एनरव्हेन्यू ही कंपनी उभी राहिली. दरम्यान, गाड्यांच्या बॅटऱ्यांमध्ये सिलिकॉन येऊ लागलं आहे, पण अजून ते बहुतेक ठिकाणी ग्राफाइटमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलेलंच असतं.