एकशे एकविसावा दिवस

विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपची सोय चालू केली की पहिले १२० दिवस कुणी काही विचारत नाही. किती जण आत आले, कुठून आले, त्यांचे पैसे भरले का, कशाचीच चौकशी नाही. या सवलतीच्या मुदतीला ‘ग्रेस पीरियड’ म्हणतात. मग एका सकाळी गोदामातला कारकून नेहमीसारखा लॉग-इन करायला जातो आणि पडद्यावर चौकट उगवते: लायसन्स द्यायला कोणताही लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही, ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे बहुधा तोच कॉम्प्युटरवाला, जो सर्व्हर बसवून आणि बिलाचे पैसे घेऊन चार महिन्यांपूर्वी गेलेला असतो.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला, तेव्हा घरून काम चालावं म्हणून असंख्य कचेऱ्यांनी घाईघाईने हीच सोय उभी केली. ज्यांनी नेमकी त्याच दिवशी केली असेल, त्यांची मुदत २३ जुलैला संपली. लायसन्स हा विषय कंटाळवाणा खरा, पण तो कळायची वेळ येते ती अशी, काम अडल्यावर.

आधी ही भानगड काय ते पाहू. आपल्या टेबलावरच्या विंडोज ११ प्रोमध्ये बाहेरून रिमोट घेता येतो, पण एका वेळी एकालाच. बाहेरचा आत आला की समोर बसलेल्याचा पडदा लॉक होतो. विंडोज सर्व्हरमध्ये मुळात दोन जागा मोकळ्या असतात. त्या सर्व्हरच्या देखभालीसाठी. आपल्याकडे कित्येक ठिकाणी या दोन जागांवर बिनधास्त टॅली चालतं. यंत्राला चालतं, कराराला चालत नाही. रोजच्या कामासाठी माणसं सर्व्हरवर आणायची, तर ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ हा वेगळा रोल बसवावा लागतो आणि त्याचं लायसन्सही वेगळं लागतं.

एकाच विंडोजवर अनेकांना बसवण्याचं हे तंत्र मुळात मायक्रोसॉफ्टचं नव्हे. आयबीएममधून बाहेर पडलेल्या एड आयाकोबुची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स ही कंपनी काढली. मायक्रोसॉफ्टकडून विंडोज एनटीचा परवाना घेऊन तिने १९९५ मध्ये विनफ्रेम बाजारात आणलं. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सशी करार करून ते तंत्र घेतलं आणि १९९८ मध्ये एनटी ४.०ची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती काढली. विंडोज २०००च्या काळात तर ज्याच्या टेबलावर विंडोज २००० प्रोफेशनल आहे, त्याला वेगळं टर्मिनल लायसन्स घ्यावंच लागत नसे. सर्व्हर २००३ पासून ही मेहेरबानी बंद झाली. त्याच वेळी माणसागणिक लायसन्सचा पर्याय आला. २००९ मध्ये नाव बदलून रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस झालं, तरी जुने हार्डवेअरवाले अजून ‘टर्मिनल’च म्हणतात.

आता खरेदी. तिचे तीन थर आहेत. पहिला खुद्द सर्व्हरचा. तो प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि किमान १६ कोअरचा घ्यावाच लागतो. दुसरा विंडोज सर्व्हरचं क्लायंट ॲक्सेस लायसन्स, म्हणजे धंद्यातल्या भाषेत ‘कॅल’. तिसरा रिमोट डेस्कटॉपचं कॅल, ‘आरडीएस कॅल’. तिसरा घेतला म्हणून दुसरा सुटत नाही. कोटेशन स्वस्त दिसत असेल, तर आधी दुसरी ओळ आहे का ते पाहावं. आणि यात टॅली किंवा एक्सेल येत नाही. टॅलीचं अनेकांनी वापरायचं गोल्ड वेगळं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधलं ऑफिस सर्व्हरवर सामायिक चालवायचं, तर तशी परवानगी असलेलाच प्लॅन लागतो. बिझनेस प्रीमियममध्ये ती आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही.

आरडीएस कॅल दोन तऱ्हेचं: माणसागणिक, म्हणजे ‘पर युजर’, आणि यंत्रागणिक, म्हणजे ‘पर डिव्हाइस’. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची एक अडत पेढी आहे. पेढीवर सहा कॉम्प्युटर, तासगावच्या गोदामात दोन, वाशीच्या गाळ्यावर चार. कामाला नऊ माणसं. मालक घरच्या कॉम्प्युटरवरून आणि मोबाइलवरून हिशेब पाहतात. चिरंजीवांकडे लॅपटॉप, टॅब आणि मोबाइल. सीएंच्या ऑफिसातली दोन मुलं आपापल्या कॉम्प्युटरवरून तिमाहीला चार दिवस आत येतात. मालकांना विचारलं, “लायसन्स किती लागतील?” तर ते म्हणणार, “एका वेळी सातच्या वर कुणी नसतंच. सात घ्या.”

सात हा आकडा इथे कामाचाच नाही. एका वेळी किती जण आत आहेत, यावर आरडीएस कॅल मोजलं जात नाही. आत यायचा अधिकार किती जणांना आहे, यावर मोजलं जातं. नऊ नोकर, दोन मालक, दोन सीएंची मुलं: माणसं तेरा, म्हणजे पर युजर तेरा. यंत्रं मोजली, तर बारा अधिक मालकांची दोन, चिरंजीवांची तीन, सीएंकडची दोन, अशी एकोणीस. या पेढीला पर युजर स्वस्त पडतं. उलट एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात आठ कॉम्प्युटरवर तीन पाळ्यांत चोवीस माणसं बसत असतील, तर पर डिव्हाइस आठ पुरतात.

सगळ्यांना मिळून ‘अकाउंट्स’ नावाचं एकच युजरनेम देऊन आकडा कमी करण्याची युक्तीही सर्रास चालते. करार युजरनेम मोजत नाही, कीबोर्डवर बोटं कुणाची आहेत ते मोजतो. शिवाय कुणी नोंद पुसली, हे उद्या शोधायचं झालं, तर अशा सामायिक नावाखाली काहीच सापडणार नाही. माझ्या मते लायसन्स बाजूला ठेवलं, तरी एवढ्या एका कारणासाठी प्रत्येकाचं नाव वेगळं हवं.

मालकांच्या सातच्या आकड्याला बळ मिळतं ते सर्व्हरच्या वागण्यातून. पर युजर पद्धतीत मर्यादा ओलांडली, तरी सर्व्हर कुणाला अडवत नाही. सात लायसन्स घेऊन तेरा माणसं बसवा, तेराही जण आत जातील. ही व्यवस्था मुंबईच्या लोकलसारखी आहे: फलाटावर जायला अडसर नाही, पास प्रत्येकाच्या नावाने हवा आणि टीसी कधी भेटेल सांगता येत नाही. इथे टीसी म्हणजे ऑडिट. किती जणांना लायसन्स वाटलं गेलं याचा रिपोर्ट लायसन्स सर्व्हर काढून देतो, पण तो आपण मागितला तर. मला हे कंपनीचं वागणं सरळ वाटत नाही. यंत्रांचा हिशेब काटेकोर ठेवणारं सॉफ्टवेअर माणसांच्या बाबतीत डोळे मिटून घेतं आणि चुकीचं ओझं छोट्या व्यापाऱ्यावर टाकतं. पण करारावर सही व्यापाऱ्याची असते.

यंत्रांचा काटेकोरपणा मात्र बघण्यासारखा आहे. नवीन कॉम्प्युटर पहिल्यांदा जोडला की त्याला ९० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स मिळतं. दुसऱ्यांदा आला की कायमचं. तेही नावापुरतंच कायमचं. त्याला ५२ ते ८९ दिवसांमधली एखादी मुदत यदृच्छेने दिली जाते आणि संपायच्या आधीच्या सात दिवसांत तो कॉम्प्युटर जोडला गेला की ती वाढते. हा खटाटोप अशासाठी, की भंगारात गेलेल्या कॉम्प्युटरचं लायसन्स कायमचं अडकून पडू नये. वाट पाहायची नसेल, तर हाताने परत घेता येतं, पण एकूण लायसन्सच्या २० टक्क्यांपर्यंतच. सगळी संपली आणि नवा कॉम्प्युटर आला, तर तात्पुरत्या मुदतीनंतर त्याला दार बंद. माणसांचं लायसन्स असं खेचून घेता येत नाही.

प्रत्यक्ष मांडणी फार अवघड नाही, पण तिच्या पायऱ्या गाळल्या जातात. कुठल्याशा सर्व्हरवर ‘रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग’ हा रोल बसवायचा. छोट्या ठिकाणी तो त्याच सर्व्हरवर बसला तरी चालतो. मग तो मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरिंगहाउसकडे नोंदवून ॲक्टिव्हेट करायचा. इंटरनेटवरून, दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून किंवा फोनवरून. डोमेन, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी ठेवणारी व्यवस्था असेल, तर तिच्या नोंदवहीतल्या, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या ‘टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स’ या गटात त्याचं नाव घालायचं. ते राहिलं, तर पर युजरची नोंदच होत नाही. मग विकत घेतलेली कॅल त्यात चढवायची.

इथे बरेच जण थांबतात, कारण लायसन्स चढली की काम झालं असं वाटतं. पण ज्या सर्व्हरवर माणसं येतात, त्याला अजून दोन गोष्टी सांगायच्या राहिलेल्या असतात: लायसन्स कुणाकडे मागायचं आणि कोणत्या तऱ्हेचं मागायचं. या दोन्ही गोष्टी ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली ‘लायसन्सिंग’मध्ये असतात. त्या भरल्या नाहीत, तर पैसे भरलेली लायसन्स कपाटात पडून राहतात आणि १२० दिवस संपल्यावर सगळे बाहेर. तऱ्हाही जुळायला हवी. विकत घेतली पर युजर आणि सर्व्हर मागतोय पर डिव्हाइस, तर जुळणी होत नाही. सर्व्हरमधलं ‘आरडी लायसन्सिंग डायग्नोझर’ हे साधन काय चुकलंय ते स्पष्ट सांगतं. व्हेंडर बिल देऊन जायच्या आधी ते उघडून दाखवायला सांगावं. आणि सगळे बाहेर पडलेच, तर ॲडमिनला ‘/ॲडमिन’ हा स्विच लावून त्या देखभालीच्या जागेवरून अजूनही आत शिरता येतं.

छोट्या पेढ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. त्यांच्याकडे डोमेन नसतं, सगळे कॉम्प्युटर वर्कग्रुपमध्ये. पर युजर लायसन्सची नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरीत होते आणि वर्कग्रुपमध्ये तीच नसते. सर्व्हर २०१९ पासून वर्कग्रुपमध्ये पर युजर लावलं, की आत आलेल्याला सूचना येते: लायसन्समध्ये अडचण आहे, साठ मिनिटांनी सेशन तुटेल. आणि ते तुटतं. म्हणजे आपल्या सांगलीच्या पेढीला कागदावर तेरा पर युजर स्वस्त असली, तरी त्यासाठी डोमेन उभं करावं लागेल. नाहीतर एकोणीस पर डिव्हाइस घ्यावी लागतील. डोमेनचा खर्च आणि सहा लायसन्सचा फरक शेजारी मांडून पाहावा. माझा कल डोमेनकडे आहे, कारण पुढे माणसं वाढतात आणि मोबाइल तर त्याहून वेगाने वाढतात.

आवृत्तीचा नियम एका ओळीचा आहे: नवं कॅल जुन्या सर्व्हरला चालतं, जुनं कॅल नव्याला चालत नाही. २०१६ ची लायसन्स घेऊन सर्व्हर २०१९ वर गेलात, तर ती निरुपयोगी. लायसन्स सर्व्हरही सेशनच्या सर्व्हरइतका किंवा त्याहून नवा हवा.

हे सगळं टाळायचे चोरवाटेचे उपायही बाजारात आहेत. रजिस्ट्रीतली नोंद पुसून १२० दिवस पुन्हा सुरू करणारे आहेत, साध्या विंडोजवर अनेकांना बसवणारं आरडीपी रॅपर लावून देणारे आहेत. रॅपरचा धोका असा, की विंडोज अपडेट आलं की ते बंद पडतं, मग ते बसवणारा सांगतो, “अपडेट बंद ठेवा.” अपडेट बंद ठेवलेला, इंटरनेटला उघडा असलेला सर्व्हर आणि त्यावर पेढीचा सगळा हिशेब! कायद्याची बाजू सांगायची, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. विकत घेतलेल्या सर्व्हरवर दोन-चार माणसं जास्त बसवणं हा प्रामुख्याने कराराचा भंग. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजायच्या नाहीत.

अपडेटचा मुद्दा खुद्द लायसन्सच्या रोललाही लागू आहे. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सीव्हीई-२०२४-३८०७७ ही त्रुटी दुरुस्त केली. ती नेमकी या लायसन्स सेवेत होती. पासवर्डशिवाय, दुरून, सर्व्हरचा ताबा घेता येईल अशी. गांभीर्य दहापैकी ९.८. लायसन्स सर्व्हर इंटरनेटवरून दिसायचं काही कारण नसतं, तो आतच ठेवावा. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्टही राउटरवर थेट उघडू नये. व्हीपीएन किंवा आरडी गेटवेमधून यावं.

सर्व्हरच नको असेल, तर अझुरवरच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर विंडोज ११ ची अनेकांनी वापरायची आवृत्ती मिळते. पात्र मायक्रोसॉफ्ट ३६५ प्लॅन असेल, तर तिला आरडीएस कॅल लागत नाही. तिथे भाडं तासाच्या हिशेबाने चालू होतं. संध्याकाळी यंत्रं बंद करायची सवय नसेल, तर बिल फुगतं.

लायसन्स सर्व्हरची डिस्क गेली, तरी लायसन्स जात नाहीत. नवा सर्व्हर ॲक्टिव्हेट करून ती पुन्हा चढवता येतात. त्यासाठी खरेदीचा ॲग्रीमेंट नंबर लागतो. तो बहुतेक ठिकाणी व्हेंडरने पाठवलेल्या एखाद्या मेलमध्ये असतो आणि तो मेल नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी जीमेलवर. नंबर मिळाला की छापून बिलाच्या फाइलला टाचून ठेवावा. कॅलची संख्या आणि तऱ्हा त्याच कागदावर लिहावी, म्हणजे पुढचा कॉम्प्युटरवाला आला की विचारणार नाही, “तुमच्याकडे युजर आहेत की डिव्हाइस?”