फोटो ‘छान आलाय’, म्हणजे नेमकं काय?

लग्नाचा अल्बम बघायला घरी कुणी आलं की आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम होतो. चहा येतो, अल्बम मांडीवर घेतला जातो आणि बघणारा पानं उलटता उलटता म्हणत राहतो, ‘छान’, ‘ही कोण?’, ‘छान’, ‘बारीक झालीय नाही ही?’, ‘छान’. अर्ध्या तासात दोनशे फोटो बघून होतात, अल्बम मिटतो आणि त्यातल्या एकाही फोटोबद्दल कुणी अक्षर बोललेलं नसतं. झालं ते सगळं बोलणं माणसांबद्दल. आता अल्बमची जागा मोबाइलने घेतली आणि ‘छान’ची जागा वर केलेल्या अंगठ्याने, एवढाच काय तो फरक.

सह्याद्रीच्या कड्याचा फोटो फसलाय असं म्हटलं तर कड्याला काही वाटत नाही. माणसाच्या फोटोची गोष्ट निराळी. तिथे तिघांचा मामला असतो: ज्याने काढला तो, ज्याचा काढला तो आणि जो बघतोय तो. बघणारा बोलतो फोटोबद्दल आणि लागतं ते चेहऱ्याला. मग माणसं भिऊन ‘छान’ म्हणून मोकळी होतात. नाहीतर भीडभाड न ठेवता म्हणतात, ‘अगं, किती काळी आलीयस यात!’ पहिल्याने फोटो काढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, दुसऱ्याने एखाद्या मुलीचे पुढचे सहा महिने आरशासमोर वाईट जातात. स्थळांकडे पाठवायचा फोटो पसंत करायला घरातली चार मोठी माणसं बसली की काय काय बोललं जातं, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना निराळं सांगायला नको.

बँकेत मी तीसेक वर्षं काढली. तिथे दरवर्षी हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहावे लागत. त्यांतला सर्वांचा लाडका शब्द म्हणजे ‘समाधानकारक’. तो लिहिला की लिहिणारा सुटला आणि ज्याच्याविषयी लिहिला तो होता तिथेच राहिला. उलट इन्स्पेक्शनला येणारे साहेब. त्यांच्या येण्याने शाखेत कुणाला आनंद होत नसे, पण त्यांच्या शेऱ्यात लेजरचं नाव असे, पान नंबर असे, नोंदीची तारीख असे आणि काय राहून गेलंय ते एका ओळीत असे. चिडलेला कारकूनसुद्धा लेजर उघडून त्या पानापर्यंत पोचू शकत असे. फोटोविषयी कुणी बोलू लागलं की मी मनातल्या मनात हा पान नंबर शोधतो. ‘काहीतरी कमी वाटतंय’ याला पान नंबर नाही. ‘डावा डोळा नाकाच्या सावलीत गेलाय’ याला आहे.

निवृत्तीनंतर एका पुतण्याच्या नादाने मी आमच्या गावातल्या फोटोवेड्यांच्या बैठकीला जाऊ लागलो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-पंधरा जण जमतात. नियम एकच. फोटो कागदावर छापून आणायचा, मोबाइल पुढे करायचा नाही. मी फोटो काढत नाही, मला तिथलं बोलणं ऐकायला आवडतं. कादंबरी लिहिणाऱ्याला चेहऱ्यांविषयीचं बोलणं कुठेही चालतं. बैठकीत सर्वांत वडील म्हणजे एका जुन्या स्टुडिओचे मालक. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या घालवण्यात त्यांची उमेद गेली. आज तेच काम मोबाइल कुणी न सांगता करतो, याची त्यांना गंमत वाटते. खिशात ते काटकोनात कापलेले दोन काळे पुठ्ठे बाळगतात. ते फोटोवर सरकवून कुठला भाग ठेवला तर काय होतं आणि झाकला तर काय होतं, ते दाखवतात.

एका रविवारी एका शिक्षिकेने आपल्या आईचा फोटो आणला होता. तिशीच्या आतली मुलगी, बैठकीला नवी. फोटोत आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली, चौकटीला टेकून, पाय पुढे सोडलेले. डावीकडून सकाळचा उजेड. मागे आत स्टीलची मांडणी. फोटो हातोहात फिरला आणि शेरे सुरू झाले. ‘आईला जरा बरी साडी नेसवायची होतीस.’ ‘हसवायचं तरी!’ ‘चेहरा फार काळा आलाय.’ एकाने नुसतंच ‘अप्रतिम’ म्हटलं. फोटो तिच्याकडे परत आला तेव्हा तिने तो टेबलावर पालथा ठेवला.

अण्णांनी तो सरळ केला. म्हणाले, ‘कधीचा गं हा, पोरी?’

‘सकाळचा. सगळ्यांचे डबे भरून झाले, बाबा आणि दादा बाहेर पडले की ती पाच मिनिटं अशी बसते. कुणाशी बोलत नाही. मला ते दाखवायचं होतं.’

‘मग ती हसून कशी चालेल?’ अण्णा म्हणाले आणि साडीचा नि हसण्याचा विषय तिथेच संपला. मग त्यांनी पुठ्ठा उजव्या कोपऱ्यावर ठेवून मांडणी झाकली. ‘आता बघ. हे डबे चमकतायत, म्हणून नजर आधी तिकडे जाते आणि मग आईकडे येते. एक पाऊल उजवीकडे सरकली असतीस तर चौकट मांडणीच्या आड आली असती. आईला हलवायचं कारण नव्हतं.’ आणि काळेपणाचं? ‘चौकटीभोवतीची भिंत नवी चुन्याची दिसतेय. कॅमेरा त्या भिंतीला भुललाय. आईच्या रंगाचा काही संबंध नाही.’

भिंतीला भुलण्याची ही भानगड घराघरात ठाऊक असायला हवी, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. समोर पांढरी भिंत भरपूर असली की त्याला वाटतं, उजेड जास्त झाला. तो उजेड कमी करतो आणि त्यात भिंतीबरोबर चेहराही काळवंडतो. आजचे फोन चेहरा हुडकून बरंचसं सावरून घेतात, तरी प्रत्येक वेळी नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात आणखी एक गोष्ट होती. रंग जुळवायला कोडॅक कंपनी लॅबना जी नमुन्याची कार्डं देई, त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचा चेहरा असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. वेगवेगळ्या वर्णांच्या चेहऱ्यांची कार्डं यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. तेव्हा आपल्या आई-मावश्या जुन्या फोटोत काळ्या आल्या असतील, तर तो दोष आधी भिंतीचा, मग कार्डाचा आणि काढणाऱ्याचा. त्यांचा तर नक्कीच नाही.

नाकाचंही तसंच. हात लांब करून स्वतःचा फोटो काढला की नाक मोठं दिसतं, कारण कॅमेरा नाकाला कानांपेक्षा फारच जवळ असतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ साली याचं गणित मांडलं. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. लोक असले फोटो घेऊन नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी येऊ लागले, म्हणून डॉक्टर मंडळींनी हा उद्योग केला! ‘नाक मोठं आलंय’ म्हणण्याऐवजी कुणी ‘चार पावलं मागे जा’ म्हटलं असतं तर काहींचा दवाखाना वाचला असता.

आता ज्याचा फोटो काढला त्याचं म्हणणं. ‘हा मी नाहीच’ हे वाक्य प्रत्येक फोटोवाल्याने ऐकलेलं असतं. ते खरंही असतं. आपण स्वतःला जन्मभर आरशात, म्हणजे उलटं बघतो. फोटोत सुलटं दिसतो. अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली काही स्त्रियांना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक जसाच्या तसा आणि एक आरशातल्यासारखा उलटवून. त्यांना बहुतेक करून उलटवलेला आवडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सुलटा. दोघांचंही खरं. म्हणून फोटोतल्या माणसाने ‘आवडला नाही’ म्हटलं तर ते ऐकून जरूर घ्यावं. पण त्यावरून फोटो फसला असं मानू नये.

आणि नावडतं फोटोच टिकतो, असंही होतं. ३० डिसेंबर १९४१ या दिवशी ओटावाच्या संसदभवनात यूसुफ कार्शने विन्स्टन चर्चिल यांचा फोटो काढला. चर्चिल तोंडातली सिगार सोडेनात. कार्शने पुढे होऊन ती काढूनच घेतली, आणि चर्चिल संतापले त्या क्षणी कळ दाबली. लगेच त्यांचा हसरा फोटोही त्याने घेतला होता, तो कुणाच्या फारसा लक्षात नाही. संतापलेला मात्र २०१६ साली इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर छापला गेला. बँकेतल्या माणसाला फोटोसाठी याहून वरची पावती सुचणार नाही. याच चर्चिल यांना ८०व्या वाढदिवसानिमित्त, १९५४ साली, ग्रॅहम सदरलँड या चित्रकाराने काढलेलं त्यांचं चित्र भेट मिळालं. ते त्यांना मनापासून नकोसं झालं. पुढे त्यांच्या पत्नीने ते नष्ट करवलं, आणि तिच्या निधनानंतर १९७८ साली ही गोष्ट जगाला कळली. अभिप्रायाचा हा प्रकार काही कुणी शिकण्यासारखा नव्हे. पण चित्रातल्या माणसाला केवढं दुखू शकतं, ते यावरून कळतं.

ऐकून घेणाऱ्याचंही काही काम असतं, आणि ते बोलणाऱ्याच्या कामापेक्षा अवघड. बैठकीतले बहुतेक जण शेरा पुरा व्हायच्या आत खुलासा सुरू करतात. ढग आले होते, लेन्स मित्राची होती, बाळ रडत होतं. खुलासा सुरू झाला की समोरचा गप्प बसतो, आणि पुढचं, बहुधा कामाचं, वाक्य राहून जातं. माझ्या पहिल्या हस्तलिखितावर संपादकांनी समासात शिसपेन्सिलीने बारीक फुल्या मारल्या होत्या. कारण कुठेच लिहिलं नव्हतं. फुली कुठे आहे एवढं कळलं की कारण लिहिणाऱ्यानेच शोधायचं, असा त्यांचा हिशेब. अण्णा नव्या मुलांना फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहायला लावतात. कोण काय म्हणालं ते, जसंच्या तसं, उत्तर न देता. तिघांनी एकाच कोपऱ्यावर बोट ठेवलं असेल तर त्या कोपऱ्यात काहीतरी आहे. त्यांनी सांगितलेले उपाय तिन्ही चुकीचे असले तरी.

त्या मुलीनेही त्या दिवशी मागे लिहून घेतलं. आणि पुढच्या महिन्यात तोच उंबरा, तोच उजेड घेऊन आली. मांडणी चौकटीआड गेली होती, चेहऱ्यावर उजेड पुरेसा होता. आई तशीच बसलेली, कुठेही न बघणारी. पण पाय नव्हते. फोटो गुडघ्यांपाशीच संपत होता.

‘पाय कुठे गेले गं?’ अण्णांनी विचारलं. आधीच्या फोटोत त्यांना पायच सर्वांत आवडले होते. ते तसं बोललेही होते.

‘आई म्हणाली, बाकी काय करायचं ते कर, माझ्या टाचांच्या भेगा लोकांना दाखवू नकोस.’

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, त्या भेगांतच सगळा फोटो होता, आईला समजावून सांगायचं. दुसरा म्हणे, आईपुढे फोटोचं काय एवढं? मुलगी कुणाच्याच बाजूने बोलेना. मला विचाराल तर बाकीच्यांचे होते ते शेरे. आईची ती हरकत होती. बँकेत या दोहोंच्या फायली वेगळ्या असतात. शेऱ्याला उत्तर देता येतं; हरकत असेल तर ती उठेपर्यंत कागद पुढे सरकत नाही. फोटो कितीही चांगला असो, टाचा तिच्या आहेत.

अण्णांनी पुठ्ठे काढले, फोटोवर ठेवले, इकडून तिकडून सरकवले, आणि काही न बोलता परत खिशात घातले. मग म्हणाले, ‘गुडघ्यावर नको तोडूस. सांध्यावर तोडलं की पाय कापल्यासारखा दिसतो. चार बोटं वर घे, मांडीवरचे हात राहू देत.’

हात राहिले. तो फोटो आमच्या वार्षिक प्रदर्शनात लागला, तेव्हा आई नवी साडी नेसून बघायला आली होती. पहिला फोटो, पायांचा, मुलीने फाडला नाही. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलाय म्हणे. कपाट आईचंच आहे.